बाईसाहेबांची साखर

बाईसाहेबांचं दुखणं उलटलं ते एका मंगळवारी. ते आधी कुणाच्या लक्षात आलं यावरून एरवी घरात चांगलंच वाजलं असतं. पण त्या घरात भांडण होणं शक्यच नव्हतं, कारण घरातली दोन्ही माणसं गेली चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती.

बाईसाहेब म्हणजे मांजर. राखाडी रंगाची, अंगाने भरलेली, वय वर्षं अकरा, आणि नाकावर माशी बसू न देणारी. दीड वर्षापूर्वी त्यांना मधुमेह झाला. सहा महिने इन्सुलिनच्या सुया झाल्या आणि मग साखर अशी काही ताळ्यावर आली की डॉक्टरीणबाईंनी सुया बंदच करून टाकल्या. मांजरांच्या बाबतीत असं होतं म्हणे. आणि कधीकधी वर्षभराने साखर पुन्हा डोकं वर काढते, असंही होतं. त्या मंगळवारी बाईसाहेबांनी दुपारपर्यंत तीन वाट्या पाणी संपवलं, बादलीतही तोंड घातलं, तेव्हा दोन्ही माणसं जागच्या जागी उभी राहून बघत राहिली. दोघांनाही वाटलं की दुसऱ्यानेच चोरून बिस्किटं खायला घातली असणार.

या दोन माणसांपैकी एक होते निरीक्षक. वजनमापे खात्यात चौतीस वर्षं काढून ते निवृत्त झाले होते. दुकानात शिरायचं, तराजू उचलून बघायचा, वजनं उलटी करून खालची मोहर तपासायची, लिटरच्या मापात खरंच लिटर मावतो का ते ओतून पाहायचं. दुकानदार त्यांना येताना बघूनच घामाघूम व्हायचे. सगळं जग आपल्याला थोडं थोडं कमी देतंय, हा त्यांचा पक्का समज होता आणि तो बदलावा असं काही चौतीस वर्षांत घडलं नव्हतं.

दुसरी त्यांची ताई, त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी. तिने आयुष्यभर शिवणकाम केलं. तिने केलेली बटणांची काजं बघायला दुसरे शिंपी यायचे. दोघंही आपापल्या संसारातून एकटी उरली, तेव्हा उतारवयात सोबत म्हणून एका घरात राहायला आली. सहा महिने गोडीगुलाबीत गेले. मग एक दिवस ताई एका गिऱ्हाइकाचं माप घेत असताना निरीक्षकांनी तिची मापाची पट्टी सहज हातात घेतली, स्टीलच्या फुटपट्टीशी लावली आणि जाहीर केलं, "ताणली गेली आहे. मीटरमागे चार मिलिमीटरची तफावत." एवढ्यावर थांबते तर ते निरीक्षक कसले? खोटं माप पुन्हा वापरात येऊ नये असा नियम असतो. त्यांनी ताईचीच कात्री उचलली आणि ताईच्याच गिऱ्हाइकासमोर ताईची तीस वर्षांची पट्टी मधोमध कापली.

त्या संध्याकाळपासून अबोला.

पण एका घरात राहायचं तर दूध संपलं, नळ गळतोय, एवढं तरी सांगावं लागतंच. पहिल्या आठवड्यात ताईने बाईसाहेबांकडे बघून म्हटलं, "बाईसाहेब, त्याला सांगा, गॅसवाला आलाय." आणि घराला वाट सापडली. पुढे त्याचे नियमही ठरले. ते कुणी ठरवले नव्हते, पण दोघंही डोळ्यांत तेल घालून पाळत. बाईसाहेब खोलीत हजर हव्यात. जाग्या हव्यात. त्या झोपल्या असतील तर निरोप थांबवून ठेवायचा. मांजर दिवसातले पंधरा-सोळा तास झोपतं, त्यामुळे उरलेल्या वेळात घरातलं बोलणं उरकावं लागे.

"बाईसाहेब, ताईला म्हणावं, चहा गार आहे."

"बाईसाहेब, त्याला म्हणावं, डोकं गरम आहे तेवढं पुरे."

बाईसाहेब मधे बसून पंजा चाटत असायच्या. त्यांनी एकही निरोप कधी इकडचा तिकडे केला नाही, पण त्याबद्दल दोघांचीही तक्रार नव्हती.

तर दुखणं उलटलं. डॉक्टरीणबाई तरुण होती, कामाने पिचलेली होती आणि तिला पाल्हाळ आवडत नसे. तिने बाईसाहेबांच्या कानाला टोचून रक्ताचा थेंब घेतला, आकडा बघितला आणि नाक मुरडलं. "दोन युनिट. दर बारा तासांनी. आधी पोटात अन्न जाऊ दे, मग सुई. आणि एक गोष्ट नीट ऐका. सुई गेली की नाही, अशी शंका आली तर दुसरी द्यायची नाही. एखादी सुई चुकली तर फारसं बिघडत नाही. दोन झाल्या तर मांजर हातचं जाईल. कळलं?" हे तिने तीनदा सांगितलं. दोघांनी टोपलीकडे बघत मान डोलावली.

सकाळची सुई ताईकडे, संध्याकाळची निरीक्षकांकडे, अशी वाटणी बाईसाहेबांच्या मार्फत झाली. निरीक्षकांनी रजिस्टर आखलं. तारीख, वेळ, मात्रा, सही, शेरा. ते फ्रिजला दोरीने टांगलं. ताई त्या रजिस्टरात सही करायला तयार नव्हती. त्याच्या कागदावर आपण सही करायची म्हणजे आपण दुकानदार ठरलो, असं तिचं म्हणणं. म्हणून ती सुई दिली की सकाळच्या चौकटीत लाल दोऱ्याचा एक टाका घालायची, सरळ कागदावर. निरीक्षकांना हे बेकायदा वाटे, पण टाका इतका सुबक असे की त्यांनी त्याकडे कानाडोळा केला.

तीन आठवडे झाले तरी साखर काही बधेना. आज पाचशे, उद्या नव्वद, परवा चारशे. डॉक्टरीणबाई आलेख बघून म्हणाली, "हा आलेख आहे की झोपाळा? तुम्ही दोघं देताय ना नीट?" दोघांनी पुन्हा टोपलीकडे बघितलं. निरीक्षकांच्या मनात मात्र संशय शिरला. कुठेतरी माप कमी पडतंय.

मग तो शनिवार आला. सात वाजून दहा मिनिटांनी ताईने सुई दिली, टाका घातला आणि पिशवी घेऊन बाजारात गेली. निरीक्षक आंघोळ करून बाहेर आले तशा बाईसाहेब त्यांच्या पावलावर येऊन बसल्या. त्यांनी खाली वाकून मान खाजवली, तर केस ओले. बोटं नाकाशी नेली. इन्सुलिनचा वास एकदा घेतला की विसरत नाही, दवाखान्याच्या नुकत्याच पुसलेल्या फरशीचा असतो तसा. निरीक्षक सरळ उभे राहिले. तीन आठवड्यांचं कोडं सुटलं होतं. औषध मांजरीच्या अंगात न जाता अंगावर जात होतं.

डॉक्टरीणबाईची सूचना त्यांना आठवली नाही असं नाही. चांगली आठवली. पण ती सूचना शंका आलेल्यांसाठी होती. निरीक्षकांना शंका आलीच नव्हती, त्यांना खात्री होती. आणि माप कमी भरलं तर काय करायचं हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. तूट जागच्या जागी भरून काढायची. दुकानदाराने जास्त दिलं म्हणून तक्रार घेऊन चौतीस वर्षांत त्यांच्याकडे एकही माणूस आला नव्हता.

त्यांनी दोन युनिट भरली, खिडकीशी धरून रेघ तपासली आणि सुई दिली. मग रजिस्टरात स्वच्छ अक्षरात लिहिलं : सात पंचवीस. सकाळच्या मापात तूट आढळली. भरून काढली. खाली सही. बाईसाहेब खुर्चीवर जाऊन झोपल्या आणि निरीक्षक समाधानाने वर्तमानपत्र घेऊन बसले.

नऊला ताई आली, भाजी काढून ठेवली, फ्रिज दोनदा उघडला आणि लावला. तिने रजिस्टर वाचलं असणारच, असं निरीक्षकांनी गृहीत धरलं. तोंडी सांगायचा प्रश्नच नव्हता, बाईसाहेब झोपेत होत्या.

साडेनऊला बाईसाहेब उठल्या. खुर्चीवरून उतरल्या त्या वाकड्याच. फरशी उतरती असल्यासारख्या एका बाजूला कलत चालल्या, मागचे पाय पसरले, जबड्यातून लाळ गळायला लागली. स्वयंपाकघराच्या मधोमध त्या आडव्या झाल्या आणि चारी पाय हवेत झाडू लागल्या.

निरीक्षक गुडघ्यांवर बसले आणि त्या झटके देणाऱ्या मांजरीच्या कानाशी ओरडले, "बाईसाहेब! ताईला सांगा, मध कुठे आहे!"

"बाईसाहेब, त्याला सांगा, वरच्या फळीवर, डाव्या हाताला!" ताईही मांजरीकडेच बघत ओरडली. खरं तर फळी ताईच्या हाताशी होती.

"बाईसाहेब, तिला सांगा, मला सापडत नाही!"

"बाईसाहेब, त्याला सांगा, चहाच्या डब्यामागे!"

बाईसाहेब शुद्धीवर नव्हत्या. तरी नियम तो नियम. शेवटी मध मिळाला, तो ताईने बोटाने हिरड्यांना चोळला, आणि झटके जरा कमी झाल्यावर टॅक्सी करून दोघं निघाली. वाटेत ताई टोपलीत तोंड घालून म्हणत होती, "त्याला सांगा, टॅक्सीवाल्याला डावीकडून घ्यायला सांग," आणि निरीक्षक टॅक्सीवाल्याला सांगत होते, "डावीकडून घ्या." टॅक्सीवाल्याने आरशातून दोनदा मागे पाहिलं आणि पुढे तो फक्त रस्त्याकडे बघत राहिला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईने बाईसाहेबांना उचललं आणि आत नेलं. दार बंद झालं. बाकावर निरीक्षक, मधे रिकामी टोपली, पलीकडे ताई. समोर पोपटाचा पिंजरा मांडीवर घेतलेले एक गृहस्थ आणि गळ्यात प्लास्टिकचं मोठं नरसाळं घातलेला कुत्रा.

"बाईसाहेब," निरीक्षक टोपलीतल्या टॉवेलला हळूच म्हणाले, "ताईला सांगा, पाणी हवं असेल तर तिकडे आहे."

"बाईसाहेब," ताई टॉवेलला म्हणाली, "त्याला सांगा, नको."

पोपटवाले गृहस्थ पिंजरा घेऊन एक खुर्ची लांब सरकले.

डॉक्टरीणबाई बाहेर आली ती हातमोजे न काढताच. "साखर एकतीस आहे. सलाइनमधून ग्लुकोज चालू केलंय. सकाळी किती दिलं आणि किती वाजता?"

ताई टोपलीकडे वळली. "बाईसाहेब, डॉक्टरीणबाईंना सांगा, दोन युनिट. सात दहाला."

डॉक्टरीणबाईने वाकून टोपलीत बघितलं. "कुणाशी बोलताय?"

"मघापासून असंच चाललंय," पोपटवाले गृहस्थ म्हणाले.

"दोन युनिटने साखर इतकी खाली जायची नाही," डॉक्टरीणबाई म्हणाली. "आणखी काय झालंय? मला आत्ता कळायला हवं. किती औषध आत गेलंय त्यावर मी पुढचं ठरवणार. चुकीचं सांगितलंत तर मांजर वाचायची नाही."

निरीक्षकांनी आयुष्यात शेकडो जबाब घेतले होते. द्यायची वेळ आज पहिल्यांदाच आली होती. त्यांनी टॉवेलकडे बघितलं. "बाईसाहेब," ते म्हणाले, "यांना सांगा, सात पंचवीसला मी आणखी दोन..."

डॉक्टरीणबाईने टोपलीचं झाकण फाडकन लावलं. "टोपली बंद. आता बोला."

ताईने मान वळवली. चार वर्षांत पहिल्यांदा तिने भावाच्या चेहऱ्याकडे सरळ बघितलं. "तू दुसरी सुई दिलीस?"

"हो."

"मला विचारलं का नाहीस?"

"बाईसाहेब झोपल्या होत्या."

पोपटवाले गृहस्थ हसायला गेले, पण ताईचा चेहरा बघून त्यांनी तोंड मिटलं.

"मी रजिस्टरात लिहिलं होतं," निरीक्षक म्हणाले. "शेरा मारलाय, सही आहे. तू वाचलं नाहीस?"

"मला दिसत नाही."

"म्हणजे बघितलंच नाहीस."

"दिसत नाही रे मला!" ताई म्हणाली. तेव्हा कुठे निरीक्षकांच्या लक्षात आलं की ती आपल्याकडे बघतेय खरी, पण नजर आपल्या कानाजवळ कुठेतरी आहे, आणि तिच्या डोळ्यांत मोतीबिंदूचा दुधाळ पडदा आलाय. चार वर्षं त्यांनी ते डोळे समोरून पाहिलेच नव्हते.

"सुईवरच्या रेघा दिसत नाहीत," ताई म्हणाली. "सहा-सात महिने झाले. टाका बोटांनी घालता येतो, रेघ बोटांनी कशी लागणार? जास्त भरते आणि अंदाजाने थोडं बाहेर टाकते. आज ते तिच्या मानेवर सांडलं."

"मग आत गेलं किती?"

"मला काय माहीत!"

"अगं, मग सांगायचंस की."

"कुणाला सांगू?" ताईचा आवाज चिरकला. "बाईसाहेबांनाच सांगू, की तुम्हाला मी अंदाजपंचे टोचते म्हणून?"

जे बोलायचं ते जिच्यामार्फत बोलायचं, तिच्याच जिवावर बेतलेली गोष्ट तिच्यासमोर काढायची कशी? निरीक्षकांना बहिणीचा राग यायला हवा होता. आला तो स्वतःचा, आणि इतका की कानशिलं तापली.

"म्हणजे पहिली मात्रा किती ते कुणालाच माहीत नाही, आणि दुसरी द्यायलाच नको होती," डॉक्टरीणबाई म्हणाली. "मी चारच्या वर धरून चालते. दर अर्ध्या तासाला साखर बघू. तुम्ही इथे बसा, आणि बोलायचं तर माणसांशी बोला." ती आत गेली.

आणि मग चार वर्षांचं तुंबलेलं बाहेर पडलं. मापाची पट्टी निघाली, कात्री निघाली, ते गिऱ्हाईक पुन्हा कधी आलंच नाही हे निघालं. चार मिलिमीटरसाठी सख्ख्या बहिणीची अब्रू काढलीस, असं ताई म्हणाली. चार मिलिमीटर हे चार मिलिमीटरच असतात, असं निरीक्षक म्हणाले. मग त्यांनाच ते कसंतरी वाटलं. नरसाळेवाला कुत्रा बाकाखाली शिरला. आतून सफाईवाल्या मावशी येऊन म्हणाल्या, "अहो, जनावरं घाबरतायत."

अकराला साखर चोपन्न. बाराला त्र्याहत्तर. दीडला पुन्हा एकावन्न, तेव्हा डॉक्टरीणबाईने दार लावून घेतलं. निरीक्षकांनी चष्मा काढला आणि ते सगळ्यांसमोर, पोपटासमोरसुद्धा, रडायला लागले.

"ती गेली तर मी मारली," ते म्हणाले. "आणि मग मी तुझ्याशी बोलू तरी कुणामार्फत?"

ताईने पदराने नाक पुसलं. "आत्ता कुणामार्फत बोलतोयस?"

त्यांनी बाकावर बघितलं. टोपली मधे नव्हती. भांडणाच्या भरात कुणीतरी ती खाली ठेवली होती आणि ताई सरकून जवळ बसली होती.

चार वाजता साखर एकशे चाळीस झाली, पाचला एकशे साठ, आणि बाईसाहेबांनी सलाइनची नळी चावली. डॉक्टरीणबाई पहिल्यांदा हसली. दोघांचा जीव भांड्यात पडला. रात्रभर मांजर इथेच राहील, उद्या दुपारी न्या, असं तिने सांगितलं. "सोमवार सकाळपासून एक युनिट. एकच. कोण भरणार आणि कोण टोचणार ते आत्ता माझ्यासमोर ठरवा."

"भरेल तो," ताई म्हणाली. "टोचीन मी. त्याच्या हातात काही दिलं की तो कापतोच."

सोमवारी सकाळी सातला बाईसाहेबांनी वाटी चाटूनपुसून लख्ख केली. ताईने त्यांना मांडीवर घेतलं आणि मानेमागची कातडी चिमटीत उचलून धरली. निरीक्षक खिडकीशी उभे राहिले. बाटली उलटी केली, औषध ओढलं, टिचकी मारून बुडबुडा घालवला, रेघ डोळ्यांसमोर आणली.

"किती आहे?" ताईने विचारलं.

"एक."

"नक्की?"

चौतीस वर्षांत त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यांनी पुन्हा बघितलं. एकच होतं. पण मग असं वाटलं की रेघेच्या किंचित वर आहे. की डोळाच तिरका लागलाय? आणखी कुणी बघून सांगेल तर बरं, पण ती रेघ दिसणारं घरात दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी औषध परत बाटलीत सोडलं आणि पुन्हा भरलं. मग तिसऱ्यांदा भरलं. कपाळावर घाम आला.

"अरे, किती वेळ!" ताई म्हणाली. "दे इकडे."

"मला खात्री नाही, ताई."

ताईने हात पुढे केला. "मला आहे," ती म्हणाली. सिरिंजकडे न बघताच तिने ती घेतली आणि एका हालचालीत सुई आत घालून बाहेर काढली. मानेवरचे केस कोरडे होते. निरीक्षकांनी रजिस्टर पुढे केलं. तिने टाका घातला, त्यांनी त्याच्या शेजारी सही केली.

बाईसाहेब मांडीवरून उतरून दोघांच्या मधे बसल्या आणि सवयीने आधी एकीकडे, मग दुसऱ्याकडे बघू लागल्या.

"दुखलं तर नसेल ना रे?" ताई म्हणाली.

"विचार की बाईसाहेबांनाच."

"तिला काय विचारायचं?" ताई म्हणाली. "मांजर आहे ती."